ट्यूब गेली ती आकड्यामुळे

कचेऱ्या आणि गोदामांच्या छताला पूर्वी असायची ती जाडजूड ट्यूब म्हणजे टी-१२. हा १२ म्हणजे इंचाचे बारा अष्टमांश, थोडक्यात दीड इंच व्यास. टी-८ एक इंचाची, टी-५ त्याहून बारीक. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेत बहुतेक टी-१२ ट्यूब मोडीत निघाल्या, पण नियमात ‘टी-१२ बंद’ असं लिहिलेलं नव्हतं. नेहमीच्या चार फुटी ट्यूबनं एका वॅटमागे किमान ८९ ल्युमेन प्रकाश द्यावा, एवढाच आकडा होता. ल्युमेन हे डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाचं माप. बहुतेक टी-१२ तिथेच नापास झाल्या.

नुसत्या ट्यूबकडे बघूनही भागत नव्हतं. ट्यूब पेटली की तिच्यातला विद्युतप्रवाह वाढतच जातो, त्याला आवर घालतो चोक. जुना चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. हात लावला तर चटका बसायचा आणि कान दिला तर गुणगुण ऐकू यायची. ३६ वॅटच्या ट्यूबमागे आठ-नऊ वॅट हा गडी नुसता तापण्यात घालवायचा. नियम चोकपर्यंत पोचले आणि इलेक्ट्रॉनिक चोक आले. त्यात वीज सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा हेलकावते. गुणगुण ऐकू येईनाशी होते आणि ट्यूबही तेवढ्याच विजेत साधारण दहा टक्के जास्त प्रकाश देते.

आता गंमत बघा. आपला डोळा हिरव्या रंगाला सर्वात जास्त दाद देतो. त्यामुळे निव्वळ ल्युमेनच्या शर्यतीत जिंकायचं तर दिवा हिरवट करणं सोपं. मग त्याखाली माणसं आजारी दिसोत की टोमॅटो मळकट! म्हणून रंग किती खरे दिसतात याचाही निर्देशांक मोजतात. युरोपात २०२१ पासून लागू असलेल्या नियमांत खोलीतल्या दिव्यांसाठी तो साधारणपणे किमान ८० लागतो, आणि ९५ असेल तर दिव्याला सुमारे नऊ टक्के जास्त वीज वापरायची मुभा मिळते. कपड्याच्या दुकानदाराला ही सवलत किती मोलाची असेल, हे वेगळं सांगायला नको.

पुढे हिशेब दिव्यावरून खोलीवर गेला. इमारतींचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ॲश्रे संस्थेच्या मानकात २००७ साली कार्यालयातल्या दिव्यांना चौरस फुटामागे १ वॅटची मर्यादा होती, २०१९ मध्ये ती ०.६४ झाली. एवढ्यात भागवायचं तर एलईडी हवेच, शिवाय छत पांढरं असलेलं बरं. त्याच मानकानुसार बऱ्याच खोल्यांत माणूस नसताना दिवे आपोआप मालवणारे सेन्सरही लागतात.

उरलेल्या ट्यूबचा शेवट मात्र विजेमुळे नव्हे, तिच्यातल्या पाऱ्यामुळे होतोय. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ च्या अखेरीस जिनिव्हात ठरवलं, की सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत संपवायची.

एलईडीचं एक दुखणं या हिशेबात बसत नाही. बंद पडलेलं फिटिंग उघडलं तर बरेचदा एलईडी ठणठणीत असतात. ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, एखादा कपॅसिटर उष्णतेनं सुकलेला असतो. जुन्या पट्टीत ट्यूब आणि स्टार्टर बदलायला एक स्टूल पुरायचं. इथे सगळंच चिकटवलेलं असेल तर अख्खं फिटिंग भंगारात. त्याच युरोपीय नियमांनी आता त्यातही हात घातलाय: ठोस तांत्रिक कारण नसेल, तर दिवा आणि ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, मोडतोड न करता बदलता यायला हवेत.