घागर, वाडा आणि कलाभवन

डिझाइनच्या वर्गात हल्ली पहिल्या सत्रातच मुलांना गोष्ट सांगायला लावतात. खुर्ची काढायची, पण त्याआधी तिच्यावर कोण बसणार, तो माणूस घरी कधी येतो, दमला की कुठे टेकतो, ते सांगा. मग त्याचा स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमाने काढलेली चित्रं, भिंतीवर लावा. "एवढी फी भरली ती काय गोष्टी सांगायला?" असं बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका काकांनी मला विचारलं. काकांना वाटतं, हे खूळ परदेशातून आलं. बडोद्यात राहून असं वाटावं, याची मला गंमत वाटली.

हे गाव आख्यानांवर वाढलेलं आहे. सतराव्या शतकातला आख्यानकवी प्रेमानंद इथलाच. त्याच्या परंपरेतला माणभट्ट तांब्याची मोठी घागर पुढ्यात घेऊन बसतो आणि बोटांतल्या अंगठ्यांनी तिच्यावर ताल धरत नळ-दमयंती किंवा सुदामा उभा करतो. गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी मंडळींनी आपलं कीर्तन आणलं. पूर्वरंगात विचार मांडायचा, उत्तररंगात तोच आख्यानातून पटवायचा, ही कीर्तनाची बांधणी. मुलांना प्रेझेंटेशन शिकवताना मला याहून सोपा आराखडा अजून सापडलेला नाही.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा म्हणजे भिंतीवरचं कीर्तनच. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे राहतं घर. वरच्या मजल्यावरच्या खोल्या चित्रांनी भरल्या आहेत. कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रजांची लढाई, मधूनच एखादी गोरी मड्डम. वाचायला सुरुवात कुठून करायची हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, दारातून शिराल तिथून गोष्ट सुरू. एकच घटना कुठे लांबवली आहे, कुठे दोन हात जागेत उरकली आहे, हे मुलांना मोजायला सांगितलं की तासभर वाड्यात आवाज नसतो.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ते मात्र गोष्टींसाठी नाही. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला शिकून हाताला काम मिळावं, हा रोकडा हेतू. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे, आणि धंदेशिक्षण मातृभाषेतून झालं पाहिजे यावर ठाम. कल्पनाशक्ती वगैरे शब्द त्या काळच्या उद्दिष्टांत शोधू नयेत. पण मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून आलेला एक त्र्यंबकेश्वरचा तरुण इथे चित्रकला आणि छायाचित्रण शिकला आणि १९१३ साली त्याने 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. धुंडिराज गोविंद फाळके. हात कलाभवनाने घडवला, आख्यान तो घरातून घेऊन आला होता. त्याच काळात राजा रविवर्मा महाराजांसाठी पौराणिक चित्रं करत होता. सीतेच्या भूमिप्रवेशाचा नेमका कोणता क्षण पकडायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न आजच्या स्टोरीबोर्डवाल्यापुढेही तसाच असतो.

स्वातंत्र्यानंतर वाटा फुटल्या. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, कलाभवनाची तंत्रशाखा झाली आणि १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा वेगळी निघाली. म्हणजे यंत्र एका आवारात, चित्र दुसऱ्या. ही फाळणी बडोद्याला महाग पडली असं माझं मत आहे. ती काही अंशी सांधली ललितकलेच्या शिक्षकांनीच. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवायला आले, पाठोपाठ शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन आले. सुब्रमण्यन पुढे मधली काही वर्षं हातमाग मंडळातही काम करून आले, त्यामुळे कारागीर त्यांना परका नव्हता. फाइन आर्ट्सच्या जत्रेसाठी शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी करायचे आणि गावाला स्वस्तात विकायचे. लाकूड, मणी, चामड्याचे तुकडे जोडून केलेलं माकड विकत घेणारं पोर लगेच त्याला नाव ठेवतं आणि काहीतरी बोलायला लावतं. त्या खेळण्याची परीक्षा तिथेच होत असे.

पुढे चित्रकार भूपेन खख्खर इथे रमले. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून ते घड्याळं दुरुस्त करणारा, न्हावी अशा दुकानदारांची चित्रं काढत. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात ते आणि चित्रकार गुलाममोहम्मद शेख होते. चित्राने गोष्ट सांगू नये, असं आधुनिकतेच्या नावाखाली ठसवलं जात होतं. या मंडळींनी ते मानलं नाही.

डिझाइन हे शिक्षण म्हणून आलं ते शेजारी, अहमदाबादेत. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला आणि १९६१ मध्ये तिथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. त्यात पाणी किती मावावं, तो कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कुठे जातो, भरलेला आणि रिकामा हाताला कसा लागतो, असे एकामागून एक प्रश्न. काकांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ते ठीक, पण त्याचा आवाज कसा येतो, हे नाही विचारलं?" अहवालात तोही प्रश्न होता.