शार्कची माहिती मागायला समुद्रकाठी राहावं लागत नाही

राजेहो, परवा आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या दुकानापुढे शार्कचा विषय निघाला तर एक पोट्टा म्हणे, आपल्याले काय करायचं, आपले मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, बरे. अरे पण माहिती अधिकाराचा अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो, साकोलीचा असो की मालवणचा, अन् माहिती कायले पाहिजे हेही सांगावं लागत नाही.

आधी मागायचं काय ते ठरवा, कारण अर्ज तिथंच फसतो. शार्कचे पर सूपासाठी महाग विकतात म्हणून ते कापून धड समुद्रात फेकायचा धंदा चालायचा, २०१३ मध्ये केंद्रानं पर धडाला जोडलेलेच पाहिजे असं धोरण आणलं अन् २०१५ मध्ये परांची निर्यातच बंद केली. कारण रोहू लाखानं अंडी घालते, बऱ्याच शार्कला मात्र मोजकी पिल्लं, तीही वयात यायला कितीतरी वर्षं, म्हणून मारलेले लवकर भरून निघत नाहीत. व्हेल शार्क २००१ पासून वाघासारखाच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. असा प्राणी जाळ्यात आला अन् कोळ्यानं जाळं कापून सोडला, तर आपल्या राज्यात २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

मग लिहा, "२०२३-२४ मध्ये या भरपाईसाठी आलेल्या, मंजूर व नामंजूर अर्जांची यादी, रकमेसह." मी एकदा तलावाच्या ठेक्याबद्दल "कारवाई का केली नाही?" असं विचारलं होतं, तर "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे" एवढी एक ओळ परत आली. म्हणून का-कशाला नाही, यादी मागा, प्रत मागा.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमातल्या ठरलेल्या नमुन्यात, मराठीत, एकच विषय अन् १५० शब्दांच्या आत. वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, नीट चिकटवा बरं, पोस्टात निघून पडलं का बोंबलत बसा. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी नाही, फक्त दाखल्याची झेरॉक्स जोडा. पत्ता, जन माहिती अधिकारी, कांदळवन कक्ष (खाडीकाठची झाडी अन् समुद्री जीव पाहणारी शाखा), वन विभाग, मुंबई. चुकीच्या ऑफिसात गेला तरी त्यांनीच ५ दिवसांत पुढं पाठवायचा असतो. राज्याच्या आरटीआय पोर्टलवरूनही होते, पण नेट नसलं का स्पीड पोस्टच बरं.

परांच्या जप्तीचं कस्टमला विचारायचं असेल तर ते केंद्राचं खातं, तिथं कोर्ट फी तिकीट चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा.

उत्तर ३० दिवसांत, प्रतीला पानामागं २ रुपये. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचं तिकीट, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. मुदत अर्ज तिकडं पोचल्यापासून धरतात, आपण टाकल्यापासून नाही, म्हणून पोचपावतीवरचा शिक्का दिसेल असा फोटो काढून ठेवा.