बाजाररस्ता कुणाचा: वादामागची पार्श्वभूमी

वस्तीतला बाजाररस्ता तिथे राहणाऱ्यांसाठी असावा की बाहेरून येणाऱ्यांसाठी, हा वाद पर्यटनामुळे उभा राहिला असं अनेकांना वाटतं. तो त्याहून जुना आहे. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावा-शहरांच्या अभ्यासातून त्यामागचं गणित मांडलं. रोज लागणाऱ्या वस्तूसाठी माणूस लांब जात नाही, क्वचित लागणारीसाठी जातो. औषधांचं दुकान आसपासच्या घरांवर तगतं, दागिन्यांच्या दुकानाला मात्र दुरून गिऱ्हाईक यावं लागतं.

माणसं पायी फिरत होती तोवर दोन्ही दुकानं एकाच रस्त्यावर नांदली. आधी आगगाडी आणि ट्राम, मग मोटार आली आणि हा मेळ बिघडला. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांच्या मनात लोकांनी एकत्र यावं असा चौक होता. प्रत्यक्षात अशा मॉलांनी जुन्या रस्त्यांचं गिऱ्हाईक ओढून नेलं.

मग रस्त्यांनीही लांबून लोक बोलवायचं ठरवलं. १९६२ मध्ये कोपनहेगनने स्ट्रॉयेट हा रस्ता वाहनांना बंद केला. १९७० मध्ये टोरांटोतल्या ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या दुकानदारांनी स्वतःवर सक्तीची वर्गणी बसवून घेतली आणि त्या पैशातून रस्ता सजवला. ही पद्धत पुढे देशोदेशी गेली. त्या दुकानदारांना मी दोष देणार नाही. गिऱ्हाईक आटलं की कुणीही हेच करील.

पण वर्दळ वाढली की भाडं चढतं, आणि ते सगळ्यांना सारखं झेपत नाही. बूट दुरुस्त करणारा जुना तळ सोडवतो, नवा चिकटवतो, कडेने टाके घालतो. तासाभरात मोजकेच जोड हातावेगळे होतात. शेजारचा आठवणवस्तू विकणारा तेवढ्या वेळात कितीतरी गिऱ्हाइकं करतो. करार संपला की आधी उठतं ते दुरुस्तीचं दुकान, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाला बूट शिवून घ्यायला बस धरावी लागते. मला या वादातली खरी दुखरी जागा हीच वाटते.

२००० नंतर काही शहरांनी लगाम घातला. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ च्या मतदानानंतर वस्तीतल्या बाजाररस्त्यांवर साखळी दुकानांना खास परवानगी लागू लागली. ॲमस्टरडॅमने २०१७ मध्ये शहराच्या मध्यभागात केवळ पर्यटकांसाठीची नवी दुकानं थांबवली. आधीची मात्र राहिली. पॅरिसने २००४ पासून वेगळी वाट धरली. एका सार्वजनिक कंपनीमार्फत तळमजल्यावरचे गाळे विकत घ्यायचे आणि वस्तीच्या गरजेच्या दुकानांना भाड्याने द्यायचे. मला हा मार्ग सगळ्यांत खरा वाटतो, कारण तिथे गाळा कुणाला द्यायचा हे ठरवणारा मालकच बदलतो.