नाशिक ढोल

नाशिक ढोल : मिरवणुकीत उभ्याने वाजवला जाणारा ढोल-ताशांचा समूह, त्या समूहाचा ठसठशीत चालता ठेका, आणि अलीकडे त्या ठेक्यावर बेतलेला लोकप्रिय गाण्यांचा एक प्रकार. तिन्ही अर्थांना नाव एकच असल्याने बराच गोंधळ होतो. मुंबईत लग्नाच्या वरातीसाठी ‘नाशिक ढोल सांगितला’ म्हणजे वादकांचा ताफा; ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या तोंडी ‘नाशिक ढोल टाक’ म्हणजे संगणकातील काही सेकंदांचा तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारा तुकडा. खुद्द नाशकात ‘ढोलपथक’ किंवा नुसते ‘ढोल-ताशे’ म्हणण्याची रीत अधिक. ‘नाशिक ढोल’, ‘नाशिक बाजा’ ही नावे बाहेरगावी जास्त ऐकू येतात आणि बहुधा तिकडेच रुळली असावीत. केरळात आणि मंगळूरच्या बाजूलाही मराठीशी संबंध नसलेले ताफे हेच नाव लावतात.

उगम : याबाबत मुख्यतः तीन मते मांडली जातात. पहिले मत ढोलाचा संबंध पेशवेकाळातील नौबत, नगारे आणि स्वारीच्या वाद्यांशी जोडते. नाशिक हे पेशव्यांच्या विशेष लोभातले क्षेत्र. काळाराम मंदिराचे आजचे बांधकाम अठराव्या शतकाच्या अखेरचे आहे, आणि रामनवमीनंतर कामदा एकादशीला निघणारी राम व गरुड रथांची यात्राही जुनी आहे. त्यामुळे हे मत स्थानिक अभिमानाला भावते. पण नौबत ही मुख्यतः एका जागी बसून वाजवायची, ढोल-ताशा चालत वाजवायचा. हातांची ठेवण आणि ठेक्याची बांधणी दोन्ही वेगळी. देवळाच्या नगारखान्यातून रस्त्यावरचे पथक थेट उतरले असे मानणे म्हणूनच अवघड जाते.

दुसरे मत उत्तर व पश्चिम नाशिकच्या आदिवासी पट्ट्याकडे बोट दाखवते. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण या भागांत डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी हे फुंकवाद्य, तर बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, सांबळ आणि सनई वाजते. पावरीवरचा नाच गोल फिरत, एकाच वळशाच्या लयीत रात्रभर चालतो. नाशिक ढोलाच्या सहा मात्रांच्या झोक्याशी त्याचे साम्य कानाला जाणवते. मात्र साम्य ठेक्याचे आहे, वाद्याचे नव्हे.

तिसरे मत ताशापासून सुरुवात करते आणि तेच अधिक ग्राह्य दिसते. ‘ताशा’ हा शब्द फार्सी-अरबीतील ‘तास’, म्हणजे वाडगा किंवा पसरट भांडे, यावरून आला. मोहरमच्या मिरवणुकीत ताशा उत्तर हिंदुस्थानभर वाजत असे. १८४५ पासून त्रिनिदादला गेलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध मजुरांनी, तो सोबत नेला; तेथे आजही ‘तासा’ याच नावाने ताशे आणि एक मोठा खर्जाचा ढोल यांचा मेळ वाजतो. अर्थात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ताशा आणि ढोल ही जोडी मिरवणुकीची म्हणून पक्की झालेली होती. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, तेव्हा रस्त्यावरची ही तयार वाद्यसंगत त्यात आली असावी. आजच्या पथकाचा सांगाडा तिसऱ्या मतातला आणि झोका दुसऱ्यातला, असे म्हणता येईल.

वाद्ये : ढोल दोन तोंडांचा, गळ्यात किंवा कमरेला पट्ट्याने अडकवलेला. पानाचा, म्हणजे मढवलेल्या तोंडाचा, व्यास साधारण १८ ते २४ इंच. एका पानातून खर्जातला घुमणारा आवाज निघतो, दुसऱ्यातून चढा कोरडा. हाताची थाप आणि टिपरू (वाजवायची काठी) यांच्या वाटणीत पथकापथकांत फरक आढळतो. पूर्वी पाने बकऱ्याच्या कातड्याची असत. भाद्रपदातील ओलीत कातडे सैल पडते, म्हणून ती शेकोटीवर तापवावी लागत. आता बहुतेक पथके फायबरची पाने लावतात. ती पावसात टिकतात, पण त्यांचा खर्ज उथळ असतो आणि टिपऱ्याचा ‘टक्’ जास्त ऐकू येतो. ध्वनिमुद्रणासाठी कातडी ढोल मिळाला तर तोच घ्यावा.

ताशा पसरट वाटीच्या आकाराचा, एकाच तोंडाचा, दोन बारीक काड्यांनी वाजणारा. पथकाचा खरा म्होरक्या तोच. ठेका बदलणे, उठाण (जोरकस सुरुवात) देणे, तोडा (छोटा समारोपाचा तुकडा) घेऊन थांबवणे हे सगळे ताशावरून ठरते. ढोल त्याच्या मागे जातात. दहा-बारा ढोलांना तीन-चार ताशे हे प्रमाण सर्वसाधारण आहे. ढोल वाढवून ताशे तेवढेच ठेवले की पथक मोठे दिसते, पण ठेका चिखलात चालल्यासारखा होतो. झांजा आणि टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी) जोडीला असतात.

पथक लांब पसरले की लय तुटते, याचे कारण वादकांचा कच्चेपणा असेलच असे नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागच्या ढोलवाल्याला ताशा सुमारे एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा हिस्सा ०.१२५ सेकंदाचा असतो. मागचा वादक जवळजवळ तेवढा मागे पडतो. म्हणून ताशे पुढच्या टोकाला न ठेवता मध्यभागी ठेवतात, आणि मागच्यांनी कानापेक्षा म्होरक्याच्या हाताकडे पाहून वाजवायचे असते. वाकडी बारवेकडून मेन रोड, रविवार कारंजा असे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीत अरुंद रस्त्यांच्या भिंतींवरून आवाज परततो, तिथे ही अडचण दुप्पट होते.

ठेका : दोन घाट मुख्य. पहिला सहा मात्रांचा, दादऱ्याच्या कुळातला, पण इतक्या जलद चालीत की पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पाय पडतो आणि ऐकणाऱ्याला दोनच ठोके जाणवतात. दुसरा आठ मात्रांचा, केहरव्याच्या किंवा भजनी वळणाचा. नाशिक ढोल म्हणून जो ओळखला जातो तो बहुधा पहिला. लय साधारणपणे मिनिटाला १०० ते १३० पावलांच्या दरम्यान; लेझीम सोबत असेल तर खालच्या बाजूला.

गाण्याची बांधणी : या ठेक्यावर आज होणारी गाणी प्रामुख्याने चार प्रकारची. मंडळांची गणपती-देवीची गाणी, मालेगाव-बागलाण-कळवणकडची अहिराणी गाणी, भीमगीते आणि मराठी रॅप. प्रेमगीते मधूनमधून येतात.

सर्वांत आधी सोडवायचा प्रश्न कालमापनाचा. ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअरे उघडताच चार ठोक्यांचा साचा देतात, आणि प्रत्येक ठोका चार समान भागांत कापतात. सहा मात्रांच्या ठेक्यात मात्र एका पावलाचे तीन भाग होतात. लय १२० असेल तर पाऊल ५०० मिलिसेकंदांचे. त्याचा तिसरा हिस्सा १६७, चौथा हिस्सा १२५. एकाच गाण्यात ढोल १६७ च्या जाळीवर (सॉफ्टवेअरमधील समान अंतराच्या खुणांवर) आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधील झांजेची जोडी) १२५ च्या जाळीवर बसले की दोघे सतत एकमेकांना ठेचाळतात. नवशिक्यांच्या गाण्यांतला हा सर्वांत नेहमीचा दोष. उपाय सोपा आहे : साचा सुरुवातीलाच सहा-आठचा घ्यावा, किंवा चारचा ठेवून जाळी तिपटीची करावी. मग ढोलाचा प्रत्येक ठोका यंत्राने जाळीवर खिळवू नये. पहिली मात्रा नेमकी ठेवावी, बाकीच्या पाच-दहा मिलिसेकंद मागेपुढे असू द्याव्यात; झोका तिथेच असतो.

पट्टी ठरवताना गायकाइतकाच खर्जाचा विचार करावा. ‘काळी दोन’ (हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर) मध्ये सर्वांत खालचा षड्ज सुमारे ३९ हर्ट्झवर येतो, आणि मिरवणुकीतील पुष्कळ बासपेट्या ४० च्या खाली नुसत्या थरथरतात. ‘पांढरी पाच’मध्ये तोच षड्ज ४९ हर्ट्झवर येतो आणि छातीत बसतो. गायकाला पांढरी पाच झेपत नसेल तर बासची ओळ षड्जाऐवजी पंचमाभोवती फिरवतात. ढोलाच्या घुमाऱ्यालाही सूर असतो. तो षड्ज किंवा पंचमाच्या जवळ आणला नाही तर हार्मोनियम बेसूर वाटते, आणि दोष बिचाऱ्या गायकावर जातो.

मांडणी साधारण अशी करतात : चार आवर्तने नुसता ताशा, मग ढोलांची उठाण, मग ध्रुवपद. लय ११० आणि चार ठोक्यांचा साचा असेल तर आठ आवर्तनांना साडेसतरा सेकंद लागतात. मोबाइलवर ऐकणारा त्याहून जास्त थांबत नाही, म्हणून ध्रुवपद त्याआधी सुरू झालेले बरे. दोन कडवी पुरतात. शेवटच्या ध्रुवपदाआधी ढोल पूर्ण थांबवून एक ओळ केवळ गळ्यावर घेतात आणि तिहाईवर, म्हणजे तीनदा वाजवलेल्या तुकड्यावर, पथक परत आणतात. मिरवणुकीसाठी वेगळी प्रत करतात. तिच्या दोन्ही टोकांना १६ आवर्तने नुसता ठेका ठेवला नाही तर डीजेला पुढचे गाणे मिसळता येत नाही.

शब्दांच्या बाबतीत गाणे आणि रॅप यांत एक फरक फारसा सांगितला जात नाही. गाताना मराठीतला अंत्य ‘अ’ उच्चारला जातो, बोलताना लोपतो. ‘गोदावरीच्या काठावर’ ही ओळ गाताना ‘का-ठा-व-र’ अशी उघडते आणि नऊ अक्षरे भरतात. रॅपमध्ये ‘का-ठा-वर्’ म्हणून आठच. कागदावर मात्रा मोजून लिहिलेली ओळ रॅपमध्ये म्हणूनच आखूड पडते, आणि रॅपसाठी लिहिलेली ओळ चालीवर बसवली की शेपूट लोंबते. ओळ आधी ठेक्यावर मोठ्याने म्हणून पाहावी, नंतर लिहावी. अहिराणीत ‘मना’, ‘तुना’, ‘शे’ यांसारखी आखूड, स्वरान्त रूपे भरपूर असल्याने ती सहा मात्रांत सहज बसते. प्रमाण मराठीत गाणे लिहून नंतर शब्द बदलत अहिराणी करण्याचा उद्योग मात्र पहिल्याच ओळीत उघडा पडतो.

भीमगीतांची घडण वेगळी आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेत शब्द पुढे आणि वाद्य मागे असते. कव्वालीचे वळण, ढोलकी, टाळी आणि कोरसची पुनरावृत्ती. या गाण्यांवर पूर्ण ताकदीचा नाशिक ढोल चढवला की नेमका आशयच बुडतो. ढोल ध्रुवपदापुरता ठेवून कडव्यात ढोलकीवर उतरणे ही जाणकारांची पद्धत.

ध्वनिमुद्रण आणि मिश्रण : ताफा समोर असताना मोबाइलवर घेतलेला आवाज गाण्यासाठी निरुपयोगी ठरतो, कारण मोबाइल प्रत्येक ठोक्यानंतर पातळी आपोआप खाली-वर करतो. खोलीत दोन-तीन ढोलांवर काम भागते. जाड आवाज झेलणारा डायनॅमिक माइक खर्जाच्या पानापासून वीतभर अंतरावर, थोडा तिरका. दुसरा चढ्या पानाकडे. एका पानावर थाप पडते तेव्हा ते आत जाते आणि समोरचे बाहेर येते, म्हणून दोन माइकांचे ध्वनी एकत्र केल्यावर खर्ज हरवला तर एकाचा फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटा करावा. पातळी शिखरावर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावी.

पथकाचा भास हवा असेल तर तीन ढोल चार वेळा, दर वेळी जागा आणि ढोल बदलून वाजवावेत. एकच मुद्रण चार वेळा चिकटवून काही साधत नाही. तंतोतंत सारखी प्रत दुप्पट केल्यास पातळी ६ डेसिबलने वाढते, गर्दी वाढत नाही. ढोलातून २५० ते ४०० हर्ट्झचा डब्यासारखा भाग थोडा कमी करतात. ताशातले १५० हर्ट्झच्या खालचे सारे काढून टाकतात. कॉम्प्रेसरने (आवाजाचे चढ दाबणाऱ्या साधनाने) पकड घ्यायला २०-३० मिलिसेकंद उशीर केला तरच थापेचे टोक शाबूत राहते. ताशाची चमक आणि गायकाची व्यंजने दोन्ही २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये असतात. ताशा कमी करून हे सुटत नाही, वाटणी करून सुटते : ओळ चालू असताना साधा ठेका, ओळ संपल्यावरच्या दोन मात्रांत लड, म्हणजे जलद ठोक्यांची माळ. इलेक्ट्रॉनिक किक (यंत्रावरचा खर्जाचा ड्रम) आणि ढोल एकाच मात्रेवर असतील तर ६० हर्ट्झच्या खाली किकच राहू द्यावी.

लहान स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही. म्हणून ढोलाला किंचित सॅच्युरेशन (वरचे स्वरांश वाढवणारी हलकी विकृती) देऊन १५०-३०० हर्ट्झमध्ये त्याची सावली उभी करतात. यूट्यूब जास्त मोठे गाणे सुमारे उणे १४ लुफ्सपर्यंत (लुफ्स हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे माप) खाली आणते. त्यामुळे चेपून मोठे केलेले गाणे तिथे फक्त सपाट वाजते.

कायदा : ठेक्यावर कोणाची मालकी नसते, मुद्रित लूपवर असते. दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती कायदेशीर परवान्याखाली करायची असेल तर मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते. गीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो; लोकप्रिय भीमगीते ‘लोकांची’ म्हणून परस्पर वापरली जातात, ती समजूत चुकीची आहे. वादनाबाबत २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली जाते. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.