दलममधून परतलेल्या मुलीसाठी भरपाई आणि मानसोपचार: अर्ज नेमका कुठे अडकतो

लहानपणी माओवाद्यांनी दलममध्ये, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीत, नेलेली मुलगी सुटून येते, गडचिरोलीहून नागपुरात मावशीकडे राहू लागते आणि घरचे तिच्यासाठी अर्ज भरू लागतात. अर्ज फेटाळला की सगळ्यांना वाटतं, तिच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. अर्ज भलत्याच योजनेत गेलेला असतो, नाहीतर तिचं वय आणि तिचा आजार कुठल्याच कागदावर आलेला नसतो.

आधी योजनेचं बघू. नक्षली हिंसाचारातल्या नागरिकांसाठी केंद्राची ५ लाखांची मदत आहे, पण ती मृत्यू किंवा किमान ५० टक्के कायमचं अपंगत्व असेल तरच मिळते. नुसत्या अपहरणाला तिथे जागा नाही. राज्याची २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना पोलिसांसमोर शरण येणाऱ्यांसाठी आहे. पळून थेट घरी आलेल्या मुलीने भरपाई मागायची ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. नागपुरात हे कार्यालय सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयात आहे. गुन्हा गडचिरोलीत घडला असेल तर प्रकरण तिकडे पाठवलं जाऊ शकतं, म्हणून पोच घेतल्याशिवाय हलू नका.

‘आरोपीच सापडला नाही, मग भरपाई कसली?’ असं खिडकीवरून ऐकवलं जातं. हे चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ सांगतं की आरोपीचा माग लागला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती अर्ज करू शकते आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी संपवायची असते.

एफआयआरची प्रत लागते. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी कलम १७३ प्रमाणे नागपुरातल्या ठाण्यालाही तक्रार नोंदवावी लागते, आणि प्रत मोफत मिळते. पण कळकळीने सांगते, ठाण्यात जाण्याआधी वकील घ्या. दलमच्या काळातल्या एखाद्या गुन्ह्यात तिचं स्वतःचं नाव असू शकतं. प्राधिकरणाकडून महिलेला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलगी माडिया किंवा गोंडी बोलणारी असेल तर दुभाषा मागा. समजलं नाही तरी मान डोलावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि तो जबाब पुढे वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. नेलं तेव्हा वय किती होतं आणि कसं नेलं, या दोन गोष्टी जबाबात आल्याच पाहिजेत.

वयाचा पुरावा ही सगळ्यात मोठी अडचण. घरचे आधार कार्ड पुढे करतात, पण आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ आधी शाळेचा दाखला बघतं, मग महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. मुलगी दोनच वर्षं आश्रमशाळेत गेली असली तरी तिथल्या रजिस्टरात नाव असतं. तो उतारा काढून आणा, त्यासाठी गावाला एक फेरी मारावी लागली तरी मारा. तिच्यावर दलमच्या काळातलं जुनं प्रकरण असेल आणि त्या गुन्ह्याच्या दिवशी ती १८ च्या आतली होती हे ठरलं, तर तिथेही तो मुद्दा कधीही मांडता येतो. अजूनही १८ च्या आत असेल, तर सशस्त्र संघर्षाची झळ बसलेलं बालक म्हणून तिला २४ तासांत बालकल्याण समितीसमोर न्यायचं असतं.

दुसरा न सापडणारा कागद म्हणजे आजाराचा. ही भरपाई ज्या योजनेतून मागायची, त्या नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या महिलांसाठीच्या योजनेत पुनर्वसनाची गरज असलेल्या मानसिक इजेसाठी १ ते २ लाखांची तरतूद आहे. पण केस पेपरवर काय असतं? ‘डोकेदुखी, झोप नाही’ आणि खाली दोन गोळ्या. मुलगी डॉक्टरला तेवढंच सांगते. रात्री दचकून उठणं, दार आतून बंद केल्याशिवाय न जेवणं, माणसांत बसल्यावर छाती धडधडणं, हे ती कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. म्हणून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, नाहीतर मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचार विभागाचाच केस पेपर काढा, लक्षणं घरच्यांनी लिहून न्या, आणि निदान व अपहरणाचा इतिहास नोंदवायची विनंती करा. उपचार सरकारी दवाखान्यात घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला ते मोफत मिळतात आणि त्यासाठी कार्ड हातात असण्याचीही अट नाही, हे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ मध्ये लिहिलेलं आहे. ‘कार्ड आणा, मग बघू’ म्हणणाऱ्याला ते कलम दाखवा. ‘वेडी म्हणतील’ या भीतीने उपचार लांबवू नका. डॉक्टरने केलेलं निदान तसंही गुप्तच राहतं. तिथवर जायला धीर होत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, मराठीत बोलता येतं.

मुदतीबद्दल: नालसाच्या या योजनेत गुन्हा घडल्यापासून किंवा खटला संपल्यापासून ३ वर्षं. लोक उचलून नेल्याची तारीख धरतात आणि ‘मुदत संपली’ म्हणून घरी बसतात. ती सुटेपर्यंत डांबलेलीच होती, हे अर्जात लिहा आणि सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याची तरतूद आहे.

बँक खातं तिच्याच नावावर हवं. मंजूर रकमेपैकी साधारण २५ टक्के लगेच हातात येतात, बाकीची किमान ३ वर्षं मुदत ठेवीत राहते. घरच्यांना हे आधीच सांगा, म्हणजे ‘पैसे कुठे गेले’ म्हणून तिच्यावर संशय येणार नाही.

नकार तोंडी घेऊ नका. कारणासह लेखी आदेश मागा, त्याविरुद्ध राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं.