शिजवलेला खिमा साठवणे

शिजवून उरलेला खिमा नंतर खाता यावा म्हणून पटकन थंड करून फ्रिज किंवा फ्रीझरमधे ठेवणं, याला खिमा साठवणं म्हणायचं. मांसाच्या अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरवरच असतात, पण मशीनमधून काढला की ते सगळीकडे मिसळतात, म्हणून खिमा आतपर्यंत शिजलेला हवा, मटण किंवा बीफचा असेल तर ७१ अंश सेल्सिअस आणि चिकनचा असेल तर ७४. अर्धवट शिजवून बाकीचा उद्या शिजवू असं तर अजिबात करू नये.

खरा घोळ होतो तो थंड करताना. शिजवलं म्हणजे जंतू मेले, विषय संपला असं बऱ्याच जणांना वाटतं पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली झोपलेली रूपं, उकळीतही टिकतात आणि पातेलं ओट्यावर निवत ठेवलं की परत वाढायला लागतात, ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तर त्यांची संख्या १० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. त्यांना ऑक्सिजन नकोच असतो, त्यामुळे खोल पातेल्याचा तळ त्यांच्यासाठी एकदम सोयीचा. वरून हात लावला तर गार लागतं, चरबीही गोठलेली दिसते, पण मधे चमचा घालून उलथलं की वाफ येते! असा खिमा खाल्ला तर साधारण ६ ते २४ तासांत पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात.

म्हणून गॅस बंद केल्यापासून २ तासांच्या आत खिमा फ्रिजमधे गेलाच पाहिजे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासातच. पसरट डब्यांमधे पातळ थर करून ठेवायचा, ५ सेंटीमीटरपेक्षा जाड नको. कोमट असताना ठेवला तरी चालतं, पूर्ण गार व्हायची वाट बघत बसण्यातच जास्त धोका आहे.

फ्रिज ४ अंश किंवा त्याहून थंड असेल तर खिमा ३ ते ४ दिवस टिकतो. त्यापुढे ठेवायचा असेल तर फ्रीझर, उणे १८ अंश, तिथे तो खराब होत नाही पण २-३ महिन्यांनी चव आणि ओलावा कमी होतो, त्यामुळे डब्यावर तारीख लिहून ठेवलेली बरी. बर्फ सोडवायला आदल्या रात्री फ्रिजमधेच काढून ठेवावा, ओट्यावर नको. मायक्रोवेव्हमधे सोडवला असेल तर लगेच गरम करून संपवायचा.

गरम करताना मधोमध ७४ अंश व्हायला हवं, मायक्रोवेव्ह असेल तर मधे एकदा ढवळून. रात्रभर बाहेर राहिलेला खिमा मात्र कितीही उकळला तरी खाऊ नये, कारण स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंनी सोडलेलं विष उकळून जात नाही, आणि त्याला वासही येत नाही.