महामेष योजना: अर्ज, कागदपत्रे आणि कळप वाड्यावर आल्यावर

राजे यशवंतराव होळकर महामेष योजना भटक्या जमाती (क) म्हणजे धनगर प्रवर्गातील मेंढपाळांसाठी आहे. पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ ती राबवते. अर्जदाराचे वय 18 ते 60 हवे, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो.

मुख्य घटक 20 मेंढ्या आणि 1 नर मेंढा असा गट. स्थायी (एकाच जागी राहणाऱ्या) गटाची किंमत 3,33,000 रुपये धरली होती, तर स्थलांतरित (चराईसाठी फिरणाऱ्या) गटाची 2,02,500. अनुदान 75 टक्के, म्हणजे आपला हिस्सा अनुक्रमे 83,250 आणि 50,625 रुपये. रक्कम त्या वर्षीच्या जाहिरातीत पडताळा. ज्यांच्याकडे आधीच कळप आहे त्यांना नुसता सुधारित नर, खाद्य किंवा पायाभूत सुविधा असेही घटक आहेत. तिथे 20 मेंढ्यांचा अर्ज भरून जागा अडवू नये.

स्थायी की स्थलांतरित, हे नीट ठरवा. दिवाळीनंतर वाडा (मेंढ्यांचा तळ) हलवून पावसाळ्याच्या तोंडावर परत येणाऱ्याने मोठी रक्कम पाहून ‘स्थायी’ निवडले, तर प्रत्यक्ष पाहणीला गोठा दाखवता येत नाही.

अर्ज महामेषच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर, जाहीर केलेल्या मुदतीतच भरायचा. हाताशी ठेवा: आधार, सक्षम अधिकाऱ्याने दिलेले जातीचे प्रमाणपत्र (शाळेचा दाखला त्याऐवजी चालत नाही), शिधापत्रिका, बँक पासबुक आणि घटकाला लागत असेल तर सातबारा. आधारवर ‘रामचंद्र’ आणि पासबुकावर ‘रामा’ असेल तर आधी बँकेत जाऊन नाव दुरुस्त करून घ्या. अनुदानाचे पैसे अशाच किरकोळ फरकापायी अडकतात.

प्राथमिक निवडीनंतर कागदपत्रे अपलोड करायला मोजकेच दिवस असतात. नेमका तेव्हाच वाडा दुसऱ्या जिल्ह्यात, रेंज नाही, आणि संदेश जातो भलत्याच नंबरवर. म्हणून अर्जात घरी राहणाऱ्या माणसाचा, चालू नंबर द्या. कागदपत्रांचे फोटोही त्याच्या मोबाइलवर आधीच काढून ठेवा. अडचण आली तर पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. एजंटाला पैसे देण्याची अजिबात गरज नाही.

जनावरे निवडताना लोकरीचा विचार करा. माडग्याळ जातीची मेंढी अंगाने भरते, मांसाला चांगली, पण तिच्या अंगावर लोकर नावापुरतीच. घोंगडीला लागणारी काळी, जाड लोकर दख्खनी जातीच्या मेंढीची. कातरणी वर्षातून दोनदा होते. एक-दोन दिवस आधी मेंढ्या धुऊन पूर्ण वाळू द्याव्यात, ताडपत्रीवर कातरावे. एकाच जागी दुसऱ्यांदा कात्री फिरली की धागा आखूड पडतो आणि सूत तुटते. पोटाची व पायांची मळकी लोकर, काळी, पांढरी, आणि कोकरांचे मऊ जावळ, सगळे वेगवेगळे ठेवा. जावळ मिसळून विकले तर त्याचा वेगळा भाव मिळत नाही. गोखरू आणि कुसळे तिथेच वेचा. ओलसर लोकर पोत्यात दाबली की तापते, कुजते.

विमा उतरवलेल्या मेंढीच्या कानातला बिल्ला हरवला तर लगेच कळवून नवा मारून घ्या. मेंढी दगावल्यास शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका, बिल्ल्यासह कान तसाच ठेवा.